नंबर मुंबईत, बोट गावात: दापोलीच्या किनाऱ्यावरचं एक प्रकरण

हे प्रकरण दापोली तालुक्यातल्या, हर्णै बंदरापासून फारशा लांब नसलेल्या एका गावातलं आहे. मी या भागातल्या बचत गटांच्या हिशोबाच्या वह्या बघते, त्यामुळे पासबुकं, आधार कार्डं आणि ‘ओटीपी येतच नाही’ या तक्रारी माझ्यापर्यंत पोचतातच. ज्यांचं हे प्रकरण आहे त्यांना इथे काकी म्हणते. त्यांना विचारून लिहिते आहे आणि ओळख पटेल असे बारकावे बदलले आहेत. बँक, मोबाइल कंपनी आणि अंगठा घेऊन पैसे देणारा मशीनवाला, यांपैकी कुणाचंही नाव दिलेलं नाही, कारण तक्रार अजून मिटलेली नाही.

काकी अठ्ठावन्न वर्षांच्या. काका पूर्वी बोटीवर खलाशी होते, आता गुडघ्यांनी घरी बसवलंय. मुलगा नालासोपाऱ्याला. काकी बंदरावरून मासळी आणून आसपासच्या वाड्यांत विकतात, पावसाच्या तोंडावर सुकट-बोंबील, मे महिन्यात आमसुलं. जनधनचं एक खातं आहे. त्यात लाडकी बहीण योजनेचे 1500 रुपये येतात, मुलगा कधीमधी पाठवतो ते येतात, आणि गटातून उचललेलं कर्जही तिथेच जमा होतं. बँकेची शाखा लांब, एसटीच्या वेळा ठरलेल्या, म्हणजे शाखेत जायचं तर अख्खा दिवस मोडतो आणि त्या दिवशीची मासळी बुडते. म्हणून पैसे काढायचे ते नाक्यावरच्या दुकानात, अंगठा लावून.

सप्टेंबर 2025 मध्ये सरकारने या योजनेसाठी ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ऑनलाइन ओळख पटवणं, सक्तीची केली. बाईच्या स्वतःच्या आधारचा ओटीपी लागतो आणि नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचाही. सुरुवातीला पोर्टल अडखळत होतं, त्यामुळे ‘ओटीपी आला नाही’ याचा अर्थ प्रत्येक घरात एकच काढला गेला, साइट चालत नाही. काकींनीही तोच काढला. दिवाळी होऊन गेली, शेजारणींची केवायसी झाली, तरी यांच्या फोनवर काही येईना, तेव्हा त्या माझ्याकडे आल्या.

आधारच्या संकेतस्थळावर पडताळणीची एक सोय आहे. तिथे क्रमांक टाकला की वयोगट, स्त्री की पुरुष, राज्य आणि जोडलेल्या मोबाइलचे शेवटचे तीन आकडे दिसतात. काकींचा क्रमांक टाकला. जे तीन आकडे आले ते त्यांच्या मोबाइलचे नव्हते. काकांचा टाकला, तेच तीन. अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचा टाकला, पुन्हा तेच. एका घरातली तीन माणसं एकाच नंबराला बांधलेली आणि तो नंबर कुणाचा हे घरात कुणालाच सांगता येईना.

मुलाला फोन लावला. त्याला दोन मिनिटं आठवावं लागलं, मग म्हणाला, “अगं, तो माझा जुना नंबर.”

गावच्या शाळेत आधारचं शिबिर लागलं तेव्हा घरात मोबाइल एकच होता, मुलाचा. फॉर्मवर तो लिहिला गेला. पुढे जनधनचं खातं उघडताना आधारवरचाच नंबर बँकेत गेला. रेशन, गॅस, जिथे जिथे रकाना आला तिथे तोच. मुलाने दोन सिमं ठेवली होती. 2021 च्या अखेरीस रिचार्जचे दर वाढले तेव्हा त्याने एक सिम सोडून दिलं. त्यात त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही. खोलीभाडं, लोकलचा पास आणि घरी पाठवायचे पैसे भागवून दोन नंबर कोण पोसणार? त्या नंबरावर आईबापाचं नि आजीचं सरकारदरबारचं अस्तित्व टांगलेलं आहे, हे त्याला कुणीच सांगितलं नव्हतं. सिम बंद करताना कंपनी सांगत नाही, शिबिरात फॉर्म भरणाऱ्याने सांगितलं नाही, बँकेने विचारलं नाही.

इथेच या प्रकरणाचं मूळ आहे. कोकणातल्या कितीतरी घरांची घडण अशीच आहे. माणूस गावात, त्याचा नंबर चाकरमान्याच्या खिशात, बोट मशीनवाल्याच्या काचेवर. या तीन गोष्टी एकत्र असतील असं धरून सगळी यंत्रणा उभी केलेली आहे. आमच्याकडे त्या पिढ्यान्पिढ्या वेगवेगळ्या गावी राहतात.

मोबाइल नंबर आपल्या मालकीचा नसतो. तो भाड्याच्या खोलीसारखा, भाडं थकलं की कुलूप बदलतं आणि दुसरं बिऱ्हाड येतं. प्रीपेड नंबर 90 दिवस अजिबात वापरला नाही आणि त्यावर शिल्लकही नसली की कंपनी तो बंद करू शकते. बंद झाल्यावर आणखी किमान 90 दिवस तो कुणाला देत नाहीत, त्यानंतर दिला जातो. हा विषय सर्वोच्च न्यायालयातही गेला होता. नोव्हेंबर 2023 मध्ये न्यायालयाने कंपन्यांना नंबर पुन्हा देण्यापासून रोखायला नकार दिला; जुन्या ग्राहकाने आपली काळजी आपण घ्यावी, अशी भूमिका घेतली. कायद्याच्या नजरेने ते ठीक असेल. पण जुना ग्राहक मुलगा होता आणि नुकसान आईचं झालं. आईने तर ते सिम कधी हातातही घेतलं नव्हतं.

नंबर लावून बघितला. उचलला एका तरुणाने, कोपरखैरणेत राहणारा, सामान घरपोच करण्याचं काम करणारा. मी कोण, कशासाठी फोन केला, हे सांगितल्यावर तो जवळजवळ सुटल्यासारखा बोलायला लागला. 2023 पासून त्याच्याकडे हा नंबर आहे आणि तेव्हापासून कुणा अनोळखी माणसांच्या खात्याचे मेसेज येतायत. बँकेच्या मदत क्रमांकावर त्याने दोनदा फोन केला, तर तिकडून खातेदाराची जन्मतारीख विचारली. ती त्याला कुठून माहीत असणार? शेवटी वैतागून बँकेचे मेसेज ब्लॉक केले. पण ते पुसले गेले नव्हते, फोनच्या स्पॅममध्ये साठत होते. “मावशींना हवे असतील तर स्क्रीनशॉट पाठवतो,” असं तो आपणहून म्हणाला. आणि त्याने खरंच पाठवले.

ते वाचताना माझं लक्ष तारखांवर गेलं. 1500 काढले, आणि त्याच दिवशी, तीन मिनिटांनी, पुन्हा 1500. काकींना विचारलं, त्या दिवशी दोनदा पैसे काढले होते का? त्यांनी ठाम नाही म्हटलं. पासबुक शेवटचं कधी भरून घेतलं होतं ते त्यांना आठवत नव्हतं. शाखेत जाऊन भरून घेतलं. ऑक्टोबर 2024 ते सप्टेंबर 2025 या वर्षात असे सात दिवस निघाले. दोनदा एकेक हजार आणि पाचदा दीड-दीड हजार, एकूण साडेनऊ हजार रुपये.

काकी सांगतात ते त्यांच्याच शब्दांत देते. “बोट नाय उमटलं, परत ठेव, असं म्हणला. मी परत ठेवलं. मग पैसे दिले मोजून.”

आधारवर चालणाऱ्या या पैसे काढण्याच्या पद्धतीत तीनच गोष्टी लागतात. आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि बोट. पिन नाही, ओटीपी नाही. ज्यांना कार्ड आणि पिन जमत नाही त्यांच्यासाठी ही सोय फार मोलाची आहे. ती बंद करा असं मी कधीही म्हणणार नाही. पण दुकानदार मशीनचा पडदा स्वतःकडे वळवून बसतो. ‘झालं’ की ‘नाही झालं’ हे फक्त त्याला दिसतं. पहिल्या वेळी व्यवहार झालेला असतो, तो नाही म्हणून सांगतो, दुसरं बोट घेतो आणि एकाच वेळचे पैसे हातात ठेवतो. पावती मागितली तर कागद संपलाय.

काकींना संशय का आला नाही, हे समजून घ्यायला त्यांचे हात बघायला हवेत. मासळीचे खवले काढून, कोलंबी सोलून, मिठाच्या पाण्यात आमसुलं हाताळून बोटांच्या रेषा गुळगुळीत झाल्यात. रेशनच्या दुकानात, शिबिरात, गटाच्या कामात, ‘पुन्हा ठेवा, दुसरं बोट ठेवा, पदराला पुसून ठेवा’ हे त्यांनी आयुष्यभर ऐकलंय. जिचं बोट खरोखरच चार वेळा उमटत नाही, तिला पाचव्या वेळी खोटं सांगितलेलं कसं कळावं? शहरात बसून ‘जागरूक राहा’ म्हणणाऱ्यांनी हा हात एकदा बघावा असं मला फार वाटतं.

इतके महिने चोरी लपून राहिली ती त्या नंबरामुळे. चोरट्याला नंबराची गरज नव्हती. त्याला एवढंच पुरेसं होतं की काकींच्या हातातला फोन वाजत नाही. पैसे गेल्याची वर्दी प्रत्येक वेळी निघत होती आणि कोपरखैरणेला पोचत होती. डिजिटल ओळख म्हटलं की आपण पासवर्ड चोरणारा कुणी लांबचा माणूस डोळ्यांपुढे आणतो. इथे काकींची ओळख कुणी पळवली नाही. बोट त्यांचंच, आधार त्यांचंच, त्या स्वतः दुकानात हजर. फक्त आपल्या नावावर काय चाललंय हे त्यांना दिसत नव्हतं.

यानंतर जो प्रश्न आला त्यावर घरात वाद झाला. केवायसीची मुदत तेव्हा 18 नोव्हेंबर होती. मुलाचं म्हणणं, तो पोरगा भला आहे, त्याच्याकडूनच ओटीपी घेऊ, पाच मिनिटांत काम होईल. तो तरुणही तयार होता. मी नको म्हटलं आणि त्यावर अडून बसले. त्या पोराच्या भलेपणाबद्दल मला शंका नव्हती. पण तीन माणसांचं आधार एका परक्या माणसाच्या भलेपणावर चालू ठेवायचं आणि वर गटाच्या बैठकीत ‘ओटीपी कुणाला सांगू नका’ म्हणायचं, हे जमणार नव्हतं. शिवाय एकदा केवायसी झाली असती की नंबर बदलायचं काम मागे पडलं असतं, हे मी कितीतरी घरांत बघितलंय. काकींनी निकाल दिला. “माझा नंबर माझ्याकडे आण आधी.”

नवं सिम काकींच्या स्वतःच्या नावावर घेतलं, वाडीत ज्या कंपनीची रेंज येते तिचंच. फोन बटणांचाच ठेवला, मेसेज यायला तेवढा पुरतो. आधारवरचा नंबर बदलायला कागदपत्र लागलं नाही, माणूस समोर लागला. दापोलीच्या केंद्रात 75 रुपये भरले. बोट उमटलं नाही, पण केंद्राच्या यंत्रात डोळ्यांचीही नोंद घेता येते, त्यावर काम झालं. काकांचंही त्याच फेरीत केलं, त्यांच्या स्वतःच्या वेगळ्या नंबरावर. त्या दिवशी शाखेत जाऊन बँकेतला नंबर बदलायचा वेगळा अर्ज दिला. हे मुद्दाम सांगते आहे, कारण आधारवर नंबर बदलला की बँकेत आपोआप बदलतो असा पक्का समज सगळीकडे आहे. तसं होत नाही. प्रत्येक वही वेगळी आहे आणि प्रत्येकीत स्वतः जाऊन खोडावं लागतं. रेशन, गॅस आणि विजेच्या बिलावरचे नंबर आम्ही नंतर हळूहळू बदलले.

केवायसीची मुदत पुढे 31 डिसेंबरपर्यंत वाढली आणि काकींची केवायसी त्याच्या बरीच आधी झाली. तो भाग तिथे संपला.

पैशांचा भाग मात्र चिवट निघाला. बँकेने पहिली तक्रार फेटाळली. उत्तरात दोन मुद्दे होते. व्यवहार ग्राहकाच्या बायोमेट्रिकने यशस्वी झालेले आहेत, म्हणजे ते अधिकृत आहेत. आणि प्रत्येक व्यवहाराचा मेसेज नोंदणीकृत मोबाइलवर पोचलेला आहे, तरी ग्राहकाने वेळेत कळवलं नाही.

दुसरा मुद्दा नीट बघण्यासारखा आहे. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकाप्रमाणे, चूक ग्राहकाची नसेल आणि बँकेकडून वर्दी मिळाल्यापासून तीन कामाच्या दिवसांत त्याने कळवलं, तर त्याच्यावर काहीच बोजा येत नाही. चार ते सात कामाचे दिवस झाले तर जनधनसारख्या मूलभूत बचत खात्यावर जास्तीत जास्त 5000 रुपयांपर्यंत येतो. सातच्या पुढे बँकेच्या धोरणाप्रमाणे. ग्राहक जबाबदार आहे हे सिद्ध करायचं ओझं त्याच परिपत्रकाने बँकेवर टाकलंय. आता ‘वर्दी मिळाल्यापासून’ म्हणजे कुणाला मिळाल्यापासून? बँकेच्या संगणकात ‘पोचला’ अशी खूण आहे. पोचला तो कोपरखैरणेत. काकींना वर्दी मिळाली ती पासबुक भरलं त्या दिवशी, आणि तक्रार दुसऱ्या दिवशी गेली. आम्ही हेच मांडलं आणि सोबत त्या तरुणाचे स्क्रीनशॉट जोडले. मेसेज दुसऱ्याकडे जात होते याचा यापेक्षा भक्कम पुरावा मिळाला नसता.

बंद पडलेल्या नंबरांची यादी सरकारकडे असते. बँकांनी ती वापरून आपल्या नोंदी साफ कराव्यात असं रिझर्व्ह बँकेने 17 जानेवारी 2025 ला सांगितलं, आणि यूपीआयसाठी ती यंत्रणा चालवणाऱ्या एनपीसीआयने ही तपासणी आठवड्याला करायला लावली. चांगलं पाऊल आहे. काकींचा नंबर मात्र त्याच्या कितीतरी आधी बंद होऊन दुसऱ्याच्या नावावर चालू झाला होता, आणि या खात्यावरून तो निघाला नाही. निघाला असता तरी खातं बिननंबराचं झालं असतं; मेसेज परक्याकडे जाणं थांबलं असतं, काकींकडे येणं सुरू झालं नसतं. जुना नंबर काढला की खातेदाराला शोधून नवा मागणं हे बँकेचं काम आहे. वाडीवर माणूस पाठवायला लागला तरी.

पहिल्या मुद्द्याला, म्हणजे बोट खरं म्हणून व्यवहार खरा, याला उत्तर आधारच्याच नोंदींतून मिळालं. आपलं आधार कुठे कुठे वापरलं गेलं याची गेल्या सहा महिन्यांची यादी संकेतस्थळावर बघता येते. पण ती उघडायला ओटीपी लागतो, म्हणजे नंबर हातात येईपर्यंत तीही बंद होती. ती उघडली तेव्हा नोव्हेंबर संपत आला होता, त्यामुळे सातांपैकी शेवटच्या चार दिवसांचीच नोंद मिळाली. चारही दिवशी दोन-तीन मिनिटांच्या अंतराने दोन यशस्वी नोंदी. बोट उमटलं नव्हतं असं जे सांगितलं गेलं, ते पहिल्याच वेळी उमटलं होतं. खरोखर व्यवहार फसून खात्यातून पैसे गेले असते, तर नियमाप्रमाणे पाच दिवसांत ते परत यायला हवे होते. आले नाहीत, कारण बँकेच्या लेखी दोन्ही व्यवहार पुरे झाले होते.

मग गटातल्या इतर बायकांनी पासबुकं काढली. आणखी चौघींच्या खात्यांवर तेच दुकान, तसेच मिनिटांच्या अंतराने दोनदा काढलेले पैसे. याआधी सगळ्या गप्प होत्या, कारण मशीनवाला गावातलाच, भावकीतला. एकटीने बोललं तर लग्नाकार्याला तोंड कसं दाखवायचं, ही भीती खरी आहे आणि तिला हसून चालत नाही. पाच जणींच्या सह्यांचा एकच अर्ज गेला तेव्हा ती बरीच कमी झाली. ज्या बँकेच्या वतीने तो मशीन चालवत होता तिने त्याचं काम थांबवलं. काकींचे शेवटच्या चार दिवसांचे सहा हजार जानेवारी 2026 मध्ये खात्यात परत आले. आधीचे साडेतीन हजार ‘नोंद उपलब्ध नाही’ म्हणून नाकारले गेले. त्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे अर्ज केला आहे. बँकेने तक्रार फेटाळली किंवा 30 दिवसांत उत्तर दिलं नाही की तिथे जाता येतं, आणि त्याला फी लागत नाही. अशा मशीनवाल्यांची नीट पारख बँकांनी करावी आणि कुणी तीन महिने काम केलं नसेल तर पुन्हा केवायसी करूनच त्याला चालू करावं, हे नियम 1 जानेवारी 2026 पासून लागू झालेत. आमच्या नाक्यावर नवा माणूस बसेल तेव्हा ते पाळले जातात का, यावर आम्ही लक्ष ठेवणार आहोत.

बायोमेट्रिक लॉक करून टाका, असा सल्ला मला शहरातून बरेच जण देतात. काकींनी करून बघितलं. लॉक असेपर्यंत अंगठ्यावर पैसे निघत नाहीत, आणि रेशनच्या दुकानातही बोट चालत नाही. दर वेळी थोड्या वेळासाठी उघडायचं म्हणजे रेंज आणि ओटीपी, तेही दुकानासमोर रांगेत उभं राहून. बटणांच्या फोनवर हे काकींना जमलं नाही. जे महिन्यातून एकदाच अंगठा लावतात आणि ज्यांच्या घरात कॉलेजात जाणारं पोर आहे, त्यांनी जरूर करावं. काकींनी ते काढलं आणि दुसरी रीत धरली. पडदा माझ्याकडे वळव, मगच बोट ठेवीन. ‘नाही उमटलं’ म्हणालास तर फोन वाजतो का ते बघत थोडा वेळ थांबेन, लगेच दुसऱ्यांदा ठेवणार नाही. इंग्रजी मेसेज त्यांना वाचता येत नाही, पण आकडा ओळखता येतो, आणि आकडाच महत्त्वाचा आहे.

सासूबाईंचं आधार अजून त्या जुन्याच नंबरावर आहे. त्यांना दापोलीला नेणं शक्य नाही. पोस्टमन घरी येऊन मोबाइल नंबर बदलून देतात, ती सोय वापरून बघितली. पण त्यांच्याकडचं यंत्र फक्त बोट घेतं आणि आजींचं एकही बोट उमटलं नाही. डोळ्यांची नोंद घेणारं यंत्र वाडीवर आणावं म्हणून तालुक्याला अर्ज दिलाय. गावातल्या अशा आणखी म्हाताऱ्या माणसांची नावं त्याला जोडली आहेत. तोपर्यंत कोपरखैरणेच्या त्या मुलाने आजींच्या नावाचा कुठलाही मेसेज आला की मला कळवायचं कबूल केलंय, आणि काकींच्या मुलाने त्या तरुणाचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये ‘आजी’ या नावाने ठेवला आहे.